फिकट पिवळ्या रंगाची बैठक

आपल्या घरांतून फिकट पिवळ्या रंगाला एकेकाळी पुष्कळ नावे होती. केतकी, मोतिया, चंपई, बदामी, श्रीखंडी, लोण्यासारखा, सायीसारखा. ही नुसती हौसेची नावे नव्हती. प्रत्येकात फरक होता आणि तो घरातल्या बायकांना बिनचूक ठाऊक असे. केतकी म्हणजे केवड्याच्या आतल्या पातीचा, जरासा हिरवटाकडे झुकलेला. चंपई म्हणजे सोनचाफ्याच्या बाजूचा, ऊब असलेला. बदामी म्हणजे तांबूसपणाची किंचित आठवण ठेवणारा. श्रीखंडी म्हणजे चक्क्यात केशराची काडी फिरावी इतकाच पिवळा. आज रंगाच्या दुकानी गेलो की ह्या सगळ्यांना मिळून ‘क्रीम’ हा एकच शब्द ऐकू येतो. आणि त्या शब्दाबरोबर एक तक्रारही येते. क्रीम रंग म्हणजे कचेरीचा रंग, इस्पितळाच्या व्हरांड्याचा रंग, ज्याला दुसरे काही सुचले नाही त्याने निवडलेला रंग.

ही तक्रार अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. भिंती क्रीम, छत क्रीम, पडदे क्रीम, फरशी क्रीम असे घर पाहिले की मलाही तेथे बसवत नाही. परंतु हा दोष त्या रंगाच्या माथी मारणे बरोबर नव्हे. फिकट, उबदार पिवळा हा मिरवण्याचा रंग नाही. तो बैठकीचा रंग आहे. त्याच्यावर दुसऱ्या रंगांनी येऊन बसायचे असते. ते आलेच नाहीत तर रिकामी बैठक उदास दिसणारच.

गाणे शिकवणाऱ्या मनुष्याने रंगाच्या गोष्टी का सांगाव्यात असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर सोपे आहे. ‘राग’ आणि ‘रंग’ हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘रञ्ज्’ ह्या एकाच धातूपासून आले आहेत, आणि त्याचा मूळ अर्थ रंगणे, रंगवणे असाच आहे. शिवाय ज्या गुणाविषयी मी बोलतो आहे तो गुण आम्हा लोकांच्या हातात रोज असतो. नुसता तंबोरा कोणी दोन तास छेडीत बसला तर श्रोते उठून जातील. आणि तंबोरा काढून घेतला तर गवई उठून जाईल. फिकट पिवळ्याचे रंगांमधले स्थान हे असे आहे.

ह्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शहराच्या मध्यावर उभा आहे, आणि आपण त्याच्यावरून इतक्यांदा जातो की त्याच्या रंगाकडे पाहण्याचे राहूनच जाते. लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम १८७८ साली सुरू झाले आणि १८९० साली पुरे झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट ह्यांचा. ते १८८१ साली वारले आणि पुढचे काम रॉबर्ट चिझम ह्यांनी तडीस नेले. कमानी कोणत्या धाटणीच्या, घुमट कोठला, मनोरा कोठला ह्याची चर्चा जाणकार करतात. मला सांगायचे आहे ते दगडाविषयी. ह्या वाड्याचा मुख्य दगड सोनगडचा, सोनसळी, फिकट पिवळ्या अंगाचा. हे सोनगड म्हणजे जेथे पिलाजीराव गायकवाडांनी आपले ठाणे प्रथम बसवले तेच. त्याच्या जोडीला आग्र्याचा तांबडा दगड आणि पुण्याकडचा निळसर काळा पाषाण आणलेला आहे. आता कल्पना करून पाहा की हा प्रचंड वाडा नुसत्या सोनगडी दगडाचा आहे. लांबून तो उन्हात विरघळून गेल्यासारखा, बिनकडेचा दिसला असता. आणि सगळा तांबड्या दगडाचा असता तर वैशाखातल्या दुपारी त्याच्याकडे पाहवले नसते. पिवळा भरपूर आणि तांबडा व काळपट त्याच्या शेजारी, ह्या बेताने एवढी मोठी इमारत डोळ्यांना जड होत नाही. सकाळच्या उन्हात तो दगड लोण्यासारखा दिसतो, संध्याकाळी मधासारखा.

हेच तीन रंग मला दुसऱ्या एका ठिकाणी सापडतात, आणि ते ठिकाण तर जुन्या मराठी घरांपैकी बहुतेकांच्या देवघरात किंवा माळ्यावरच्या फडताळात आहे. मी हस्तलिखित पोथ्यांविषयी बोलतो आहे. पोथीचे पान हातात घेऊन पाहा. जुन्नरी किंवा दौलताबादेकडचा हातकागद, रंग पिवळसर. काही पिवळेपणा वयाचा असतो हे खरे, पण पुष्कळ पोथ्यांना तो मुद्दाम दिलेला असे. हरताळाचा हात कागदावर फिरवला की रंगही येई आणि कसरही दूर राही. हा हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे खनिज, विषारी. म्हणून किडा त्याच्या वाटेस जात नसे आणि आपणही जुनी पोथी चाळताना बोट जिभेला लावू नये. त्या पिवळ्या जमिनीवर काजळाची काळी शाई. समासाच्या दोन्ही अंगांना तांबड्या रेघा, आणि अध्याय संपला की ‘इति’पासूनचा मजकूर हिंगुळाच्या तांबड्यात. लिहिताना अक्षर चुकले तर लेखक त्यावर हरताळाचा लेप देई. लेप वाळला की तेथला रंग कागदाच्या रंगात मिसळून जाई आणि त्याच्यावर पुन्हा लिहिता येई. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. आज आपण तो केलेल्या कामाचा सत्यानाश करणे ह्या अर्थाने वापरतो. मुळात ती एक सुधारणा होती, आणि ती साधत असे ती जमीन पिवळी होती म्हणून.

तिसरा दाखला कापडाचा. जयपुराजवळच्या बगरू गावची छपाईची कापडे पुष्कळांनी पाहिली असतील. त्यांची जमीन पांढरी नसते, मलईच्या रंगाची असते. हा रंग तेथे शोभेसाठी आलेला नाही. छापण्यापूर्वी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात. हिरड्यातला तुरट अंश सुतात मुरतो आणि कापड पिवळसर होते. मग लोखंडाच्या काटाचा ठसा उठवला की तुरटपणा आणि लोह मिळून काळा रंग उमटतो. तुरटीचा ठसा उठवून कापड मंजिष्ठासारख्या रंगात उकळले की तांबडा उमटतो. म्हणजे ती फिकट पिवळी जमीन तेथे अक्षरशः पाया आहे. ती नसेल तर काळा पक्का बसत नाही. राजवाडा, पोथी आणि छापील कापड ह्यांचे कारागीर एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. तिघांचा मेळ मात्र एकच: पिवळा पुष्कळ, काळा बेताचा, तांबडा थोडा.

असे का व्हावे? ह्यात डोळ्याची घडण आहे. दिवसाउजेडी माणसाच्या डोळ्याला सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो हिरवट पिवळ्याच्या आसपासचा प्रकाश. शास्त्रज्ञ त्याची तरंगलांबी सुमारे ५५५ नॅनोमीटर सांगतात. त्यामुळे पिवळा हा मुळातच उजळ रंग आहे. निळ्यात किंवा तांबड्यात पांढरे मिसळीत गेले तर रंग फिका होतो आणि त्याचा स्वभावही बदलतो. तांबड्याचा गुलाबी होतो. पिवळ्यात पांढरे मिसळले तरी तो पिवळाच राहतो, नुसता आवाज उतरवतो. उलटपक्षी त्यात काळे मिसळले तर तो चटकन हिरवट, शेवाळी होतो. म्हणून फिकट पिवळ्या भिंतीचा अंधारा कोपरा मळका दिसतो आणि तेथे उजेडाची सोय करावी लागते.

दुसरे कारण शेजाराचे. पॅरिसच्या गोबलँ येथील गालिच्यांच्या सरकारी कारखान्यात १८२४ सालापासून शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळ्या लोकरीचा रंग फिका पडतो, त्यात जोर नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर तपासली. रंगात काही खोट नव्हती. ती काळी लोकर ज्या रंगांच्या लगत विणली जात होती त्या रंगांमुळे ती फिकी दिसत होती. ह्या शोधावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सार असे की दोन रंग शेजारी आले की प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्यापासून दूर ढकलतो. निळ्याच्या किंवा जांभळ्याच्या शेजारी पिवळा अधिक पिवळा दिसतो. आणि थंड, निळसर पांढऱ्याच्या शेजारी फिकट पिवळा कसा दिसतो? मळलेल्या पांढऱ्यासारखा. क्रीम रंगाविरुद्धच्या निम्म्या तक्रारींचे मूळ ह्या एका वाक्यात आहे. दारे-खिडक्या झगझगीत पांढऱ्या रंगवायच्या आणि भिंत क्रीम ठेवायची; मग भिंत धुरकटली म्हणून तिलाच बोल लावायचा.

आम्हा गाणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. पेटीवरची कोमल गंधाराची पट्टी एकच. तीच भीमपलासीत एक सांगते आणि दरबारीत, रिषभाच्या आधाराने झुलत आली म्हणजे अगदी निराळे सांगते. मी विद्यार्थ्यांना म्हणतो की स्वर एकटा कधी ऐकू नका, त्याचे शेजारी कोण ते पाहा. रंगांच्या दुकानात हाताच्या पंजाएवढ्या चौकटीकडे पाहून भिंतीचा रंग ठरवणाऱ्यांना हेच सांगावेसे वाटते.

आता भिंतीकडे वळतो. पूर्वी आपल्या वाड्यांतून हा रंग यायचा तो चुन्यात पिवडी मिसळून. पिवडी म्हणजे पिवळी माती. तिचा पिवळेपणा लोहाच्या गंजासारख्या घटकाचा असतो. तिला सुमारे ३०० अंशांपर्यंत ताप दिला की तिच्यातले पाणी निघून जाते आणि ती गेरूसारखी तांबडी होते. पिवडी आणि गेरू ही एकाच घरची भावंडे आहेत, आणि म्हणूनच पिवळ्या भिंतीखाली गेरूचा पट्टा कधी विजोड दिसत नाही. काही जण विचारतात की घरात हळद असताना मातीची काय गरज. कारण असे की हळदीला क्षार लागला की ती तांबडी होते. आपले कुंकू ह्याच गुणावर तयार होते. चुना तर क्षारच. शिवाय हळद उन्हाला टिकत नाही. लग्नातली पिवळी अष्टपुत्री चार धुण्यांत केतकीवर येते ती त्यामुळे. पिवडी मात्र चुन्याला भीत नाही आणि उन्हालाही भीत नाही.

माझे वडील बडोदे दरबारच्या कलावंत खात्यातल्या शेवटच्या पिढीचे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा ते ऐन विशीत होते. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. शिकवणीच्या खोलीला दसऱ्यापूर्वी पिवडीचा हात द्यायचा हा त्यांचा शिरस्ता होता आणि त्या कामावर ते स्वतः उभे राहत, म्हणून ते सगळे मला तपशीलवार ठाऊक आहे. चुनकळी आधी विझवून काही दिवस पाण्याखाली ठेवायची. पिवडी निराळ्या भांड्यात रात्रभर भिजवायची आणि फडक्यातून गाळून घ्यायची. थोडा सरस किंवा डिंक, म्हणजे भिंतीला हात लावला तर रंग हाताला येत नाही. आणि मग खरी परीक्षा: ओला हात भिंतीवर कितीतरी गडद दिसतो. अडाणी रंगारी तेवढ्याने घाबरून पिवडी कमी करतो आणि दुसऱ्या दिवशी भिंत पांढरी निघते. जाणता रंगारी कोपऱ्यात एक पट्टा मारतो, तो पुरता वाळू देतो आणि मगच बादली ढवळतो. चुना हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, तेव्हा त्या रंगाला जी मऊ, आतून आल्यासारखी उजळी येते ती डब्यातल्या चकचकीत रंगाला येत नाही.

पुढे लोकांना पांढऱ्याची हौस आली. चुन्यात पिवडीऐवजी नीळ पडू लागली. कपड्यांना देतो तशी. त्याने पांढरे अधिक पांढरे दिसते हे खरे आहे. मग तेलाचे रंग आले, मग प्लॅस्टिकचे. आमच्या त्या खोलीवरही हे सगळे थर चढले. तरी तंबोरे ठेवण्याच्या खोल कोनाड्यात रंगाऱ्याचा कुंचला कधी पोचला नाही. तेथे अजून मूळची पिवडी आहे, कडेला गेरूची बोटभर रेघ आहे आणि वर पूर्वीच्या दिव्याची काजळी आहे. त्यात मिरजेचा तंबोरा उभा केला म्हणजे त्याचा भोपळा आणि भिंत ह्यांचे रंग असे काही जुळतात की शिकायला येणारी लहान मुलेही तिकडे पाहत राहतात. एका मुलीने मला विचारले की गुरुजी, सगळी खोली अशी का नाही? ह्या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली म्हटले तरी चालेल.

कारण तोच प्रश्न गेल्या वर्षी एका सभागृहापुढे उभा राहिला. सभागृह जुन्या संगीतसभेचे. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे वर्षानुवर्षे फिकट पिवळी भिंत आणि साधे पिवळे बल्ब होते. काही वर्षांपूर्वी नूतनीकरण झाले. भिंतीला निळसर छटेचा चकचकीत पांढरा रंग दिला आणि छतातून थंड पांढऱ्या उजेडाचे दिवे सोडले. स्वच्छ दिसू लागले ह्यात शंका नाही. परंतु पुढच्या रांगेतली वृद्ध मंडळी गाणे ऐकताना कपाळाला हात धरून बसू लागली, कारण दिव्याची तिरीप भिंतीवरून उलटून डोळ्यांत येई. भिंतीवर टांगलेली जुन्या गवयांची तपकिरी छायाचित्रे, जी पूर्वी घरच्या माणसांसारखी वाटत, ती एकाएकी जुनाट आणि मळकी दिसू लागली. त्यांतली दोन कोणीतरी काढून आतल्या खोलीत ठेवली. मला वाईट वाटले ते त्याचे. भिंतीच्या रंगाने स्वर सुधारत नाही की बिघडत नाही. पण भिंतीने माणसे बाहेर काढावीत हे काही बरे नव्हे.

पुन्हा रंग देण्याची वेळ आली तेव्हा कमिटीत दोन तट पडले. तरुण सभासद म्हणाले की पिवळा म्हणजे पुन्हा कचेरी. ज्येष्ठ म्हणाले की पूर्वी होते तेच करा. दोन्ही पक्षांचे म्हणणे मला अर्धेच पटले. पूर्वीचे होते तसे करणे शक्यच नव्हते, कारण चुना प्लॅस्टिकच्या रंगावर धरत नाही. सगळी भिंत खरवडावी लागली असती आणि तेवढा पैसा संस्थेपाशी नव्हता. मी एवढेच सुचवले की भांडण्याऐवजी पाहू या. व्यासपीठाच्या बाजूच्या भिंतीवर दोन मोठे पट्टे रंगवले, प्रत्येकी दाराएवढे. एक पांढरा, एक बिनचमकीचा उबदार फिकट पिवळा. दोहोंखाली गेरूच्या रंगाचा हातभर पट्टा. आणि महिन्याच्या बैठकीला सर्वांनी ते संध्याकाळी पाहायचे.

पहिल्या संध्याकाळी पिवळ्याची चांगलीच नाचक्की झाली. छतातल्या थंड दिव्यांत तो हिरवट, आजारी दिसत होता, आणि तरुण मंडळींनी विजयाने माझ्याकडे पाहिले. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून दिवे बदलले. दिव्यांच्या खोक्यावर केल्विन म्हणून आकडा छापलेला असतो. आधीचे ६५०० चे होते, त्या जागी २७०० चे लावले. जुन्या बल्बचा उजेड साधारण ह्याच आकड्याचा. दुसऱ्या बैठकीला तोच पट्टा, तोच रंग, पण तो भिंतीतून पुढे आल्यासारखा दिसला. आतल्या खोलीतले एक छायाचित्र आणून त्याच्यावर धरले, आणि कोणी काही बोलायच्या आधीच त्या गवयाचा चेहरा उजळला. मताला टाकण्याची गरज पडली नाही. मात्र तरुण सभासदांची एक सूचना मान्य झाली आणि ती रास्त होती: छत पिवळे करायचे नाही, व्यासपीठामागची भिंत गडद वांगी रंगाची करायची. तेथे गाणारा बसला की तो स्पष्ट दिसतो, आणि बाजूच्या पिवळ्या भिंतींना एक खर्ज मिळतो. हे ज्येष्ठांना सुचले नसते.

घरापुरता, पत्रिकेपुरता, लुगड्यापुरता हाच हिशेब लागू पडतो. मुंजीची किंवा कार्यक्रमाची पत्रिका छापून घेताना छापखान्याला ‘क्रीम’ एवढेच सांगू नये. जमिनीला शेकडा १५ ते २० पिवळा आणि त्यात शेकडा ४-५ गुलाबी असे सांगावे. तो गुलाबीचा अंश पडला नाही तर रंग लिंबाकडे जातो आणि ऊब नाहीशी होते. त्यावर अक्षर काळे किंवा गडद तपकिरी, नाव तेवढे तांबडे. पिवळ्या शाईने पांढऱ्यावर बारीक अक्षरे कधी छापू नयेत. आमंत्रण आले आहे हे तरी वाचता आले पाहिजे. मोतिया लुगड्याला काठ जांभळा, डाळिंबी किंवा मोरपंखी असावा. फिक्या काठाचे मोतिया लुगडे अंगावर विझल्यासारखे दिसते हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. भिंत पिवळी असेल तर चौकटी शुभ्र नकोत. त्याच पिवळ्याचा थेंब पडलेल्या पांढऱ्याच्या किंवा सरळ लाकडी तपकिरी कराव्यात. आणि कोणताही निर्णय दुकानाच्या उजेडात नको, ज्या दिव्याखाली आपण संध्याकाळी बसणार त्या दिव्याखाली घ्यावा.

हे सारे लहानसहान विषय आहेत असे वाटेल. परंतु आपल्या शहरातली जुनी मराठी घरे आता एकेक करून उतरवली जात आहेत किंवा वाटण्या होऊन नव्याने रंगवली जात आहेत. लाकडी खांब गेला तर आपण हळहळतो, कारण तो दिसतो. भिंतीचा रंग गेला हे ध्यानातही येत नाही, कारण तो मुळात दिसण्यासाठी नव्हताच. माणसे, फोटो, वाद्ये, लग्नातली लुगडी त्याच्यापुढे चांगली दिसावीत म्हणून तो होता. घर उतरवण्याआधी किंवा रंगारी बोलावण्याआधी एकवार कोनाड्यात, फडताळामागे, जिन्याखाली पाहावे. तेथे मूळचा हात अजून असेल. नखाएवढा पापुद्रा काढून कागदात घालून ठेवावा आणि दुकानदाराला ‘क्रीम’ न म्हणता तो दाखवावा. आजकाल नमुन्यावरून रंग जुळवून देणारी यंत्रे दुकानातून असतात. पाच मिनिटांचे काम आहे. बाकीचे काम शेजारी बसणाऱ्या रंगांचे.